घरीं शिवलेला केसांचा टोप

(नभोवाणीवरील भाषण)



केसांचा टोप म्हटला कीं आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रंगभूमि उभी राहते. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्यानंतर कित्येक वर्षें स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत, आणि नायिकेच्या पाठीवर रुळणारा केशसंभार पुष्कळदां पेटाऱ्यांतून निघालेला असे. घरांतील बायकांनाही ही वस्तु अगदींच परकी नव्हती. वेणी लांब व भरदार दिसावी म्हणून तींत गुंफावयाचें गंगावन आपल्या आज्यांच्या फणेरपेटींत सांपडे. तेव्हां उसने केस वापरणें ही कांहीं आजची परदेशी टूम नव्हे.

परंतु आज मी ज्या टोपाविषयीं बोलणार आहें, तो हौसेचा नव्हे, गरजेचा आहे. कर्करोगावरील कांहीं औषधांनीं केस जातात. उपचार सुरू झाल्यापासून साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ते गळूं लागतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे केस पुन्हां येतात खरे, पण ते महिन्यास सुमारें अर्धा इंच ह्या गतीनें वाढावयाचे. म्हणजे एक फूट लांबीस दोन वर्षें हवींत. चाई पडण्याच्या विकारांत तर एरवीं धडधाकट असलेल्या तरुण माणसाचे केस ठिकठिकाणीं जातात. केस जाणें हें जिवावरचें दुखणें नव्हे, असें आपण रोग्यास समजावतों, आणि तें खरेंच आहे. तथापि ज्या महाराष्ट्रांत विधवांच्या केशवपनाची रूढि कित्येक पांढरपेशा घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालली, तेथें स्त्रीच्या केशहीन मस्तकाकडे पाहण्याची आपली दृष्टि अद्याप पुरती स्वच्छ झालेली नाहीं. आजारी बाई औषधाचा त्रास सोसते. पण दाराची घंटा वाजली कीं पदर ओढून आंतल्या खोलींत जाते. तो त्रास रोगाचा नसतो, आपल्या नजरांचा असतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या दुखण्यांत हें मीं जवळून पाहिलें. बाजारांतील चांगला टोप आम्हांस परवडेना आणि स्वस्त टोप तिला आवडेना. तेव्हां माझी पत्नी आणि पुतणी ह्या दोघींनीं तो घरींच शिवला. मी जन्मभर गणित शिकविलेलें, म्हणून मजकडे मोजमाप व हिशेब आला. त्या अनुभवावरून सांगतों कीं, ह्या कामांत कठीण अशी वस्तु एकच आहे, आणि ती तळहाताएवढी आहे. बाकीचें काम, ज्या हातास परकराला झालर लावतां येते, त्या हातास सहज साधेल.

ती तळहाताएवढी वस्तु कोणती? टोप खोटा आहे हें कळतें कोठें, याचा विचार करा. पाठीवरचे केस कोणी निरखून पाहत नाहीं. टोप उघडा पडतो तो भांगांत. खऱ्या डोक्यावर भांग पाडला कीं मध्यें कातडी दिसते, आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येक केस तींतून उगवलेला दिसतो. उलट, ज्या टोपावर केसांच्या झालरी ओळीनें शिवलेल्या असतात, त्यांत भांग पाडल्याबरोबर दोन ओळींमधली शिवण दिसूं लागते. ह्यावर तोड अशी काढली आहे कीं, डोक्याच्या पुढल्या भागीं येणारा सुमारें चार इंच लांब व चार इंच रुंद असा तुकडा अतिशय तलम, पारदर्शक जाळीचा घ्यावयाचा, आणि त्याच्या घरांघरांतून एक-एक दोन-दोन केस गांठ मारून बसवावयाचे. जाळी कातडीस टेकली कीं ती दिसेनाशी होते आणि केस कातडींतूनच आल्याचा भास होतो. धंद्यांतील लोक ह्या तुकड्यास 'लेस क्लोजर' म्हणतात. आपण त्यास भांगाची जाळी म्हणूं.

ही जाळी घरीं भरतां येईल काय? येईल, पण आधीं हिशेब ऐका. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात, आणि केसांखालचा भाग ढोबळ मानानें १०० चौरस इंच भरतो. म्हणजे दर चौरस इंचास १,००० केस झाले. आपली जाळी ह्याच्या निम्म्या दाटीनें भरली, तरी १६ चौरस इंचांस ८,००० केस लागतील. एका गांठींत दोन केस धरल्यास गांठी झाल्या ४,०००. नवशिक्या हातानें मिनिटास चार गांठी मारल्या, तर १,००० मिनिटें, म्हणजे जवळजवळ १७ तास लागतात. रोज एक तास बसल्यास अडीच आठवड्यांचें हें काम आहे.

ज्यांना सवड आणि चिकाटी आहे त्यांच्यासाठीं कृति अशी. क्रोशाच्या सुईसारखी, पण तिच्याहून पुष्कळच बारीक आकडीची सुई घ्यावी. दोन केस मुळाकडच्या टोकाजवळ दुमडून त्यांचा फांस करावा. आकडी जाळीच्या एका धाग्याखालून घालून तो फांस ओढून घ्यावा. फांस आकडीवर असतांनाच तिनें केसांच्या दोन्ही पदरांस वेढा द्यावा, आणि ते फांसांतून पार ओढून गांठ आवळावी. ज्या दिशेस केस वळावयास हवेत, त्या दिशेसच सुई ओढावी. कारण गांठ एकदां बसली कीं केस त्याच बाजूस झुकतो. ज्यांना इतकी सवड नाहीं, त्यांनीं तेवढी जाळी तयार विकत घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. आम्हीं ती तयारच आणली. तिचा रंग फार पांढरा वाटल्यास कोऱ्या चहाच्या पाण्यांत थोडा वेळ बुडवावी. कातडीच्या रंगाच्या जवळ जाते.

आतां केसांविषयीं. फणींत निघालेलें गुंतवळ सांठवून त्याचाच टोप करूं, असें कांहीं गृहिणींच्या मनांत येईल. फेरीवाल्या बायका गुंतवळावर भांडीं देतात, तेव्हां त्यास कांहीं मोल आहे हें खरें. पण एक लहानसा प्रयोग करून पाहा. एक लांब केस अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरून, बोटें केसाच्याच लांबीनें मागेंपुढें चोळा. केस एकाच दिशेनें सरकत जातो, आणि पुढें चालतें तें त्याचें मुळाकडचें टोक. ह्याचें कारण असें कीं, केसावर घराच्या कौलांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात व त्या सर्वांचीं तोंडें शेंड्याकडे असतात. सर्व केसांचीं मुळें एका बाजूस असलीं, तर कौलें एकमेकांवरून सुखानें घसरतात. गुंतवळांत उलटसुलट केस एकत्र येतात, खवले एकमेकांत अडकतात आणि टोपाच्या जटा होतात. म्हणून मुळें एका बाजूस राखलेले केस घ्यावेत. बाजारांत त्यांस 'रेमी' म्हणतात. तिरुपतीस भाविक जे केस अर्पण करतात, ते देवस्थान लिलावानें विकतें, आणि तेथून ते टोपांसाठीं देशोदेशीं जातात.

ज्यांचे उपचार अद्याप सुरू व्हावयाचे आहेत, त्यांस आणखी एक गोष्ट सुचवितों. स्वतःची वेणी लांब असेल, तर केस गळण्याची वाट न पाहतां ती कापून घ्यावी व मुळाकडच्या बाजूस लाल दोरा बांधून ठेवावी. एका वेणींत सबंध टोप होत नाहीं. परंतु भांगाची जाळी भरावयास ते केस उपयोगी पडतात, आणि आरशांत दिसणारा भांग निदान आपल्याच केसांचा असतो.

बाकीच्या डोक्यासाठीं झालरी हव्यात. एका कडेस यंत्रानें शिवलेल्या केसांच्या ह्या पट्ट्या १०० ग्रॅमच्या जुड्यांनीं मिळतात. किती हव्यात तें मोजूं. १०० चौरस इंचांतून जाळीचे १६ वजा जातां ८४ राहिले. ओळींत अर्ध्या इंचाचें अंतर ठेवल्यास ८४ ला अर्ध्यानें भागावें. १६८ इंच, म्हणजे १४ फूट झालर झाली. जाळीजवळ ओळी दाट घ्याव्या लागतात, म्हणून थोडी अधिक असावी. मध्यम लांबीच्या केसांस तीन जुड्या सहसा पुरतात.

शिवण्याची तयारी अशी. प्रथम डोक्याचीं तीन मापें घ्यावींत: कपाळावरून कानांच्या मागून मानेपर्यंत घेऊन केलेला घेर, कपाळावरील केसांच्या कडेपासून मानेपर्यंतचें अंतर, आणि माथ्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचें अंतर. प्रौढ स्त्रीचा घेर बहुधा २१ ते २३ इंचांच्या दरम्यान येतो. त्या घेराचें एक कापडी डोकें करावें. जुन्या धोतराच्या चिंध्या पिशवींत घट्ट ठासून भरल्या कीं टांचण्या टोंचण्याजोगें डोकें तयार होतें. त्यावर ताणली जाणारी विणलेली टोपी चढवून टांचण्यांनीं पक्की करावी. सुई अर्धचंद्राकृति वांकडी मिळाल्यास उत्तम, आणि दोरा काळा व मजबूत असावा.

आरंभ भांगाच्या जाळीपासून करावा. ती टोपीच्या पुढल्या कडेच्या बरोबर मध्यावर ठेवावी. तिची पुढली कड टोपीबाहेर पाव इंच येऊं द्यावी. मग मागील व दोन्ही बाजूंच्या कडा बारीक टांक्यांनीं टोपीस शिवाव्यात. पुढली कड तूर्त मोकळी ठेवावी.

झालरी मात्र मानेकडून वर चढवीत आणाव्यात. छपरावर कौलें घालतांना वळचणीपासून आढ्याकडे जातात, तसेंच हें. पहिली ओळ मानेवर एका कानामागून दुसऱ्या कानामागपर्यंत. ओळ संपली कीं झालर कापूं नये. ती परत दुमडून अर्धा इंच वरून उलट दिशेनें न्यावी. जितके काप अधिक, तितके केस अधिक सुटतात. त्याच कारणास्तव सुई झालरीच्या शिवणींतून आरपार घालूं नये. दोरा तिच्या वरून वेढून खालच्या टोपींत टांका घ्यावा. कानांच्या वर आल्यावर ओळी जाळीच्या बाजूंस येऊन थांबतात. जाळीच्या अगदीं लगतच्या ओळी पाव इंचाच्या अंतरानें घ्याव्यात, म्हणजे जाळी कोठें संपली व झालर कोठें सुरू झाली हें दिसत नाहीं.

सर्व शिवण झाली म्हणजे टोप उलटा करावा आणि भांगाच्या जाळीखालीं आलेलें टोपीचें कापड कापून काढावें. ह्या वेळीं घाई नको. कात्री जाळीस लागली तर सारें काम फुकट जातें. कापड गेलें कीं जाळीखालीं कातडी येते आणि भांग जिवंत दिसूं लागतो. आंतून, मागील बाजूस, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक इंच रुंदीचें इलॅस्टिक किंचित्‌ आंखूड धरून शिवावें. त्यानें टोप डोक्यास धरून बसतो. औषधांनीं हळव्या झालेल्या कातडीस डिंक किंवा चिकटपट्टी लावूं नये. आंत मऊ सुती टोपी घालावी, मात्र भांगाखालीं ती कातडीच्या रंगाची असावी. अगदीं शेवटीं, टोप डोक्यावर ठेवूनच, कपाळावरची जादा जाळी दोरीएवढी कड राखून कापावी.

निगा फारशी नाहीं. विंचरतांना शेंड्यापासून आरंभ करून हळूहळू वर जावें. धुतांना कोंबट पाण्यांत सौम्य शांपू घालावा, केस चोळूं अथवा पिळूं नयेत, टॉवेलानें टिपून टोप कापडी डोक्यावर सावलींत वाळवावा. टोप कृत्रिम धाग्याचा असेल, तर तो घालून चुलीजवळ किंवा वाफेवर वांकूं नये. तो धागा उष्णतेनें आखडतो व वितळतो.

आमच्या घरीं हें काम फावल्या वेळांत तीन आठवडे चाललें होतें. बहीण स्वतः उशाला टेकून झालरी उकलून देई, आणि टोप लांब हवा कीं आंखूड, भांग मधोमध कीं डावीकडे, हें सर्व तिनेंच ठरविलें. पुढें ती बाहेर जातांना टोप घाली व घरांत उघड्या डोक्यानें वावरे. सुरुवातीस आम्हीच नजर चुकवीत होतों. महिन्याभरांत तें थांबलें.

हें मुद्दाम सांगतों, कारण टोप शिवून देणारे आप्त पुष्कळदां तो घालण्याचा आग्रहही करतात. शिवणें हें घरच्यांचें काम आहे; घालावयाचा कीं नाहीं, हें ठरविणें सर्वस्वीं तिचें. कोणास तो घालून धीर येईल, कोणास सुती रुमाल पुरेल, कोणास कांहींच नको असेल. तिन्ही बायकांशीं आपण सारख्याच सहजतेनें बोललों, तरच ह्या शिवणकामाचा खरा उपयोग झाला. आपल्या शेजारीं किंवा आप्तांत कोणावर असा प्रसंग असेल, तर हीं मापें आणि ही रीत त्यांच्यापर्यंत पोंचवावी, एवढी विनंति करून मी आपला निरोप घेतों.