दोन पेट्या कीं सहा?

नांदेडचा एखादा वकील किंवा लातूरचा एखादा प्राध्यापक घरीं चांगलें गाणें ऐकतां यावें म्हणून स्पीकर घ्यावयास निघाला, म्हणजे त्याच्या वाटेंत पहिली अडचण येते ती पैशाची नव्हे, ऐकून पाहण्याची. टीव्ही, फ्रिज आणि पंखे यांचीं दुकानें दोन्ही शहरांत भरपूर आहेत. परंतु शांत खोलींत बसवून एकाच गायकाचें एकच ध्वनिमुद्रण चार निरनिराळ्या जोड्यांवर लावून दाखविणारें दुकान सहसा आढळत नाहीं. त्या सोयीसाठीं नांदेडकर हैदराबादची गाडी धरतो आणि लातूरकर पुण्याची. ज्याला तेवढी सवड नसते तो खोक्यावरील आंकडे वाचून वस्तु निवडतो. आणि आंकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्याच्या हातीं बहुधा पडते ती ‘होम थिएटर’ या नांवाखालीं विकली जाणारी सहा पेट्यांची मांडणी : पांच लहान ठोकळे, एक मोठा खोका आणि वर कांहीं हजार वॅटांची ग्वाही.

ही ग्वाहीच प्रथम तपासली पाहिजे. वॅटांचा मोठा आंकडा बहुधा ‘पीएमपीओ’ या अक्षरांच्या आश्रयानें उभा असतो. यंत्र क्षणभर, निमिषार्धापुरती किती शक्ति फेंकूं शकेल याची ती कल्पना; तिची सर्वमान्य व्याख्या नाहीं, म्हणून ज्याला जो आंकडा शोभेल तो त्यानें छापावा. खरा उपयोगी आंकडा ‘आरएमएस’ वॅटांचा, म्हणजे यंत्र सतत देऊं शकेल अशा शक्तीचा. तो कोठें दिलाच नसेल तर यंत्राच्या पाठीमागील पट्टी वाचावी. भिंतींतून ६० वॅट वीज घेणारें यंत्र स्पीकरला सतत ६० वॅटांहून अधिक देऊं शकणार नाहीं, मग पुढच्या बाजूस पांच हजार लिहिलेले असोत. उलट एडिफायरच्या आर-१२८० या ४ इंची वूफरच्या साध्या जोडीवर दोहोंचे मिळून ४२ वॅट असा निमूट आंकडा असतो, आणि तो बिचारा दुकानांत फिका पडतो.

वस्तुतः घरांत लागणारी शक्ति फार थोडी असते. मध्यम प्रतीचा स्पीकर १ वॅट दिला असतां १ मीटरवर सुमारें ८६ डेसिबल आवाज देतो. अडीच मीटरवर बसलेल्या माणसास जोडीचा मिळून ऐंशीच्या आसपास मिळतो, आणि तो मोठ्यानें चाललेल्या संभाषणाहूनही वरचढ असतो. शक्ति दुप्पट केली कीं आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, आणि कानास तो दुप्पट वाटावयास सुमारें दहापट शक्ति लागते. तेव्हां ४० वॅटांऐवजीं ८० वॅटांसाठीं जादा पैसे मोजणारा माणूस कानास जेमतेम जाणवेल एवढाच फरक विकत घेतो.

लहान पेटींतून भारदस्त आवाज काढण्याची विद्या फारशी जुनी नाहीं. अमेरिकेंत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं आजच्या पद्धतीचा, तारेच्या वेटोळ्यानें कागदी शंकु हलविणारा लाउडस्पीकर सिद्ध केला. पण खर्ज स्वर हवे तर पेटी कपाटाएवढी करणें भाग पडे. १९५४ सालीं एडगर विल्चर यानें पेटी पूर्ण बंद करून आंतील हवेलाच शंकूच्या स्प्रिंगचें काम दिलें, आणि फळीवर मावेल अशा पेटींतून खालचे स्वर येऊं लागले. पुढें १९७० नंतरच्या दशकांत बीबीसीनें बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या मोटारींत ठेवण्यासाठीं एलएस-३/५ए हा फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. जागा चिमुकली, पण निवेदकाचा आवाज जसाच्या तसा पारखतां आला पाहिजे, ही त्यामागची गरज. मात्र निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज या तिहींपैकीं दोनच एका वेळीं मिळतात. जो विक्रेता तिन्ही देऊं करतो त्याच्या दुकानांतून नम्रपणें उठावें.

आतां प्रश्न असा कीं, मराठी घराला खर्ज हवा तरी किती? पुरुष गायक काळी एक या पट्टींत गात असेल तर त्याचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ चा. गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज याहूनही वर. डग्ग्याचा घुमारा आणि पखवाजाची धूम यांचा गाभाही बहुतांशीं साठ कंपनांच्या वरच राहतो. पांच ते साडेसहा इंची वूफर असलेली बरी पेटी साधारण साठपर्यंत पोंचते. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, हजूर साहिबांतील शबद-कीर्तन, टाळ-पखवाजावरचें भजन, यांपैकीं कशालाही सहाव्या खोक्याची वाट पाहावी लागत नाहीं. तीस-चाळीस कंपनांचा प्रदेश लागतो तो चित्रपटांतील स्फोटांना आणि कोसळणाऱ्या इमारतींना. गाण्यासाठीं घर सजविणाऱ्यानें आपली सारी रक्कम इमारती कोसळविण्यावर खर्च करावी काय, हें त्यानेंच ठरवावें.

चित्रपटासाठींही स्वस्त सहा पेट्यांचा लाभ दिसतो तेवढा नाहीं. त्यांतील ठोकळ्यांत अडीच-तीन इंचांचा एकच शंकु असतो. दीडशे-दोनशे कंपनांच्या खालीं तो मुका होतो आणि उरलेलें काम मोठ्या खोक्याकडे जातें. पुरुषाच्या बोलण्याचा पाया ८५ ते १८० कंपनांत असतो. परिणामीं नटाच्या आवाजाचा अर्धा भाग पडद्याखालून आणि अर्धा कोपऱ्यांतून येतो, शब्द पोकळ होतात, आणि घरांतील वडीलधारीं माणसें ‘काय म्हणाला?’ असें वारंवार विचारूं लागतात. दोन चांगल्या पेट्यांच्या मधोमध बसलें असतां आवाज नेमका पडद्यावरच्या ओठांतून आल्याचा भास होतो. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालीं दोन मार्गांच्या ध्वनीचें पेटंट मागितलें, तें अशाच भासासाठीं. मात्र बाजूस बसणाऱ्यास जवळची पेटीच अधिक ऐकूं येते, ही दोन पेट्यांची खरी उणीव. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसें बसणाऱ्या घरांत मधली तिसरी पेटी निश्चित उपयोगी. पण ती पहिल्या दोन घेऊन झाल्यावर, सवडीनें घ्यावी.

स्पीकरइतकीच खोलीही वाजत असते, आणि मराठवाड्यांत या गोष्टीला एक कठोर इतिहास आहे. जुनीं माळवदाचीं घरें जाड दगडमातीचीं, वर लांकूड आणि त्यावर माती. आवाज त्यांत मुरत असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत तींच घरें झोंपलेल्या हजारों माणसांवर कोसळलीं. तेव्हां गाण्यासाठीं त्यांची हळहळ करण्यांत अर्थ नाहीं. सिमेंटचा स्लॅब हीच शहाणपणाची गोष्ट. परंतु स्लॅब, गिलाव्याची भिंत आणि शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सची फरशी या तिहींमध्यें आवाज चेंडूसारखा उसळतो. खोलीच्या मध्यें एक टाळी वाजवावी. मागें झणझणाट उरला तर नवा स्पीकर घेण्याआधीं समोर जाड जमखाना अंथरावा, खिडकीस दुहेरी पडदा लावावा, पाठीमागच्या भिंतीस पुस्तकांचें उघडें कपाट ठेवावें. घोंगडी भिंतीवर टांगली तरी चालेल. एवढ्या खर्चांत होणारी सुधारणा दुप्पट किंमतीचा स्पीकरही करूं शकत नाहीं.

खालच्या स्वरांस मात्र घोंगडी पुरी पडत नाहीं. १२ फूट लांबीची खोली सुमारें ४७ कंपनांवर आणि १० फूट रुंदीची ५६ वर स्वतःच घुमूं लागते; रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असतील तर ५६ चा घुमारा दुणावतो. अशा खोलींत मोठा खोका कोपऱ्यांत ठेवणें म्हणजे घागरींत तोंड घालून बोलणें होय. पेट्या कोपऱ्यापासून दूर, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढें, एकमेकींत जेवढें अंतर तेवढ्याच अंतरावर श्रोता, आणि वरचा लहान ट्वीटर कानाच्या रेषेंत, ही मांडणी उत्तम. खुर्चीऐवजीं बैठकीवर बसण्याची चाल असेल तर पेट्याही तितक्या खालीं आणाव्या. नांव ‘बुकशेल्फ’ असलें तरी पाठीमागें भोंक असलेली पेटी फळींत किंवा कोनाड्यांत कोंबूं नये.

लातुरांत परीक्षार्थी मुलें घरोघर. तेथें रात्रीं आवाज बेतानेंच ठेवावा लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान केला म्हणजे कानास खालचे स्वर अधिक प्रमाणांत कमी ऐकूं येतात. म्हणून हळू ऐकतांना खर्जाची कळ थोडी वाढविणें हें पाप नव्हे, कितीही शुद्धतावादी मित्र नाक मुरडोत.

खरेदीच्या वेळीं दोन-तीन गोष्टी नजरेंत धराव्या. शंकूभोंवतालची कड रबराची असावी. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत, आणि इकडच्या उन्हाळ्यांत त्याहूनही लौकर, भुगा होऊन गळते. जुना स्पीकर घेतांना तर प्रथम हेंच पाहावें. टीव्हीचा आवाज तारेनें न्यावा. ब्लूटूथनें नेल्यास ओठ आधीं हलतात आणि शब्द मागून येतो. ऑप्टिकल तारेनें जोडूनही शांतताच राहिली तर टीव्हीच्या मांडणींत ध्वनि ‘पीसीएम’वर करावा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अँप्लिफायर गुणगुणतो. तो दोष स्पीकरचा नव्हे. ऐकून पाहण्यास जातांना आपल्या परिचयाचें साधें ध्वनिमुद्रण न्यावें: एक निवेदकाचा आवाज, एक तंबोरा, एक टाळांचा गजर. टाळ खणखणून हळूहळू विरला पाहिजे. फसफसला तर पुढची जोडी लावावयास सांगावें.

घरीं आणल्यावर दोन्ही पेट्यांच्या तांबड्या-काळ्या तारा जागच्या जागीं आहेत कीं नाहीं तें पाहावें. एकीची तार उलट लागली तर खर्ज नाहींसा होतो आणि मधला गायक खोलीभर विखुरतो. तार सुलट केली कीं तो पुन्हां मध्यें येऊन बसतो.