घाटरस्ता आणि ओढा

घाटरस्ता म्हटला की डोळ्यांसमोर वळणे आणि दरी येते. खालचा ओढा सहसा आठवत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली परिसरात वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जंगलातील जमीन हे पाणी पालापाचोळ्यातून व मुळांतून हळूहळू जिरवते. रस्त्यासाठी उतार कापला की मुरणारे पाणी वाटेतच उघड्यावर येते आणि कडेच्या गटारातून वेगाने ओढ्याला मिळते. एका अर्थाने रस्ता हाच नवा ओढा होतो, आणि तो येताना माती घेऊन येतो.

गढूळपणा डोळ्यांना दिसतो. खरी हानी तळाशी होते. गोट्यांमधील फटींत अनेक मासे अंडी घालतात, कीटकांच्या अळ्या वाढतात. बारीक गाळाने या फटी बुजल्या की प्राणवायू पोहोचत नाही व अंडी गुदमरतात. रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पात्राहून उंच राहिले, तर तेवढी पायरीही लहान माशांची वाट अडवते.

टायरांच्या झिजेचा धोका अलीकडेच उमगला. टायर टिकावेत म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनापासून ओझोनच्या संयोगाने बनणारा पदार्थ पावसाबरोबर ओढ्यांत जातो व कोहो सामन मासे मारतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवून दिले.

खोदाईतील माती दरीत लोटू नये. गटारातील पाणी ठिकठिकाणी झाडीत सोडावे, म्हणजे गाळ तेथेच अडतो. मोरी पात्राएवढी रुंद आणि तिचा तळ गोट्यांचा असेल, तर माशांना ती मोरी वाटतही नाही.