एर्बिलमधली आपली वकिलात



आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, सगळ्या उठल्या, पण एक ताई बसूनच राहिल्या. धाकट्या मुलाला परदेशात हॉटेलात काम मिळतंय, एजंट दीड लाख मागतोय, गटातून अंतर्गत कर्ज मिळेल का, असं त्यांनी विचारलं. गाव कोणतं, तर एर्बिल. आमच्यापैकी कुणीच हे नाव ऐकलेलं नव्हतं. एजंटनं त्यांना सांगितलं होतं, "तो इराक नाही हो, कुर्दिस्तान वेगळा देश आहे. आणि तिथं आता भारताची वकिलातसुद्धा आहे, कसली काळजी करता?"

वकिलात आहे हे खरं. वेगळा देश हे खोटं. आणि काळजी नको, हे तर त्याहून खोटं. हे तिन्ही नीट समजून घ्यावं म्हणून आजचं हे बोलणं.

कुर्द नावाचे लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांच्या डोंगराळ पट्ट्यात राहतात. संख्या तीन कोटींच्या आसपास किंवा जास्तच, पण त्यांचा स्वतःचा असा देश नाही. त्यांची भाषा फारसीची बहीण. नावाला तेही 'नाव'च म्हणतात, हे कळल्यावर आम्हाला उगीचच बरं वाटलं! इराकमधल्या कुर्दांनी फार सोसलं. १६ मार्च १९८८ ला सद्दाम हुसेनच्या फौजेनं हलबजा गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले, त्यात सुमारे ५ हजार माणसं गेली. पुढे १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकच्या उत्तर भागात कुर्दांनी आपला कारभार स्वतः सुरू केला, आणि २००५ च्या इराकी राज्यघटनेनं त्या प्रदेशाला मान्यता दिली. आज तिथं त्यांची स्वतःची विधानसभा आहे, मंत्रिमंडळ आहे, पेशमर्गा नावाची फौजही आहे. पण नोटा इराकी दिनारच्या, पासपोर्ट इराकचा. एर्बिल ही त्या प्रदेशाची राजधानी, देशाची नव्हे. देशाची राजधानी बगदाद.

आता वकिलातीचं. एका देशाचं दुसऱ्या देशात मुख्य कार्यालय असतं ते राजधानीत, त्याला दूतावास म्हणतात. बाकीच्या शहरांत असतं ते वाणिज्य दूतावास. बोलताना आपण दोन्हीला वकिलातच म्हणतो. बँकेचं मुख्यालय आणि शाखा, तसंच समजा. मात्र शाखा उघडायची तर यजमान देशाची परवानगी लागते. १९६३ साली व्हिएन्नात झालेल्या करारात तसं लिहिलंय. म्हणून एर्बिलमधली कार्यालयं ही बगदादच्या संमतीनं उघडलेली आहेत. मुंबईत कितीतरी देशांचे वाणिज्य दूतावास आहेत, पणजीत पोर्तुगालचा आहे. त्यामुळे महाराष्ट्र किंवा गोवा वेगळा देश झाला का? तसंच हे.

याची परीक्षा २०१७ मध्ये झाली. २५ सप्टेंबरला कुर्दांनी स्वतंत्र देश हवा का, यावर मतदान घेतलं. ९२ टक्क्यांहून जास्त मतं 'हो' म्हणून पडली. तोवर अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, चीन, रशिया अशा बऱ्याच देशांची कार्यालयं एर्बिलमध्ये होती, आपलंही होतं. पण एकाही देशानं त्याला स्वतंत्र देश मानलं नाही. उलट बगदादनं चार दिवसांत एर्बिल आणि सुलेमानिया या दोन्ही विमानतळांची परदेशी विमानं बंद केली, ती २०१८ च्या मार्चपर्यंत. बाहेर पडायचं तर आधी बगदाद गाठावं लागायचं. कुर्दिस्तानचं सरकार स्वतःचा व्हिसा देतं, पण त्या व्हिसावर बगदादला जाता येत नाही. आता सांगा, एजंटचं "वेगळा देश" ऐकून गेलेल्या पोरानं त्या दिवसांत काय केलं असतं?

आपल्या देशाला तिथं कार्यालय का हवं होतं, हे समजायला २०१४ चा जून आठवावा लागतो. त्या महिन्यात आयसिस या दहशतवादी संघटनेनं मोसूल शहर घेतलं. मोसूल एर्बिलपासून साधारण ८० किलोमीटरवर. मोसूलमध्ये बांधकामावर असलेले आपले मजूर त्यांच्या हाती सापडले, बहुतेक पंजाबचे. त्याच सुमारास तिकरितच्या दवाखान्यात आपल्या ४६ परिचारिका अडकल्या, बहुतेक केरळच्या. जुलैच्या सुरुवातीला त्यांना बसमधून मोसूलला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. तिथून त्या आल्या त्या एर्बिलला. एअर इंडियाचं खास विमान त्यांना घेऊन ५ जुलैला सकाळी मुंबईत टेकलं आणि दुपारी कोचीला पोचलं. दूरदर्शनवर ते उतरणं आमच्यातल्या काहींनी पाहिलेलं आहे.

मजुरांच्या नशिबी ते नव्हतं. एक जण निसटून परत आला. बाकी ३९ जणांचं काय झालं, हे त्यांच्या आईबायकांना जवळपास चार वर्षं कळलं नाही. २० मार्च २०१८ ला तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं, की मोसूलजवळ बादूशला एका टेकाडाखाली सगळे सापडले. घरच्यांच्या रक्ताचे नमुने घेऊन ओळख पटवली होती. एप्रिलमध्ये ३८ जणांचे अवशेष भारतात आले.

२०१४ ला एर्बिलमध्ये आपला वाणिज्य दूतावास नव्हता. सगळ्यात जवळचा दूतावास बगदादला, साडेतीनशे किलोमीटरवर, आणि मधला मुलूख लढाईचा. एर्बिलचं कार्यालय उघडलं २०१६ मध्ये. ते आधी असतं तर ते ३९ जण वाचले असते, असं आम्ही म्हणणार नाही. बंदुकीपुढे वाणिज्य दूतावास काय करणार? पण आज तिथं मोलमजुरीला गेलेल्या आपल्या माणसाला दार ठोठवायला एक जागा त्याच शहरात आहे, एवढं नक्की.

त्या दारातून काय मिळतं? पासपोर्ट हरवला किंवा मालकानं दाबून ठेवला, तर भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. कुणी वारलं तर मृत्यूची नोंद होते आणि देह घरी पाठवायचे कागद होतात. कुणाला अटक झाली आणि त्यानं मागणी केली, तर तिथल्या पोलिसांनी आपल्या अधिकाऱ्यांना कळवायलाच हवं, आणि ते तुरुंगात भेटायला जाऊ शकतात. अगदीच निराधार अडकलेल्याला भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदतही करता येते. मात्र ते कुणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाहीत, मालकाला दंड करू शकत नाहीत, आणि एजंटला दिलेले पैसे तर मुळीच परत आणत नाहीत. तो देश इराकचा, कायदा तिथला.

आणि वाणिज्य दूतावासाला तुमचा माणूस तिथं आहे हे माहीत तर हवं! ताईंचा मुलगा नववी नापास. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. अशा माणसाला इराकसकट १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते, ती ई-मायग्रेटवर, नोकरीच्या कराराच्या कागदासह. एजंट म्हणत होता, "मंजुरीच्या भानगडीत कशाला पडता, फिरायच्या व्हिसावर पाठवतो." म्हणजे करार नाही आणि नोंदही नाही. पोरगा कुठल्या हॉटेलात, कुठल्या गल्लीत, हे फक्त एजंटला ठाऊक. शिवाय नोंदणी असलेल्या एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड लाख कसले?

गटात दोन बाजू पडल्या. काहींचं म्हणणं, पोराला घरी बसवून काय करणार, इथं कुठे काम आहे? त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठरलं असं: कर्ज नाकारायचं नाही, पण एजंटचा नोंदणी क्रमांक, कराराची प्रत आणि ई-मायग्रेटची मंजुरी हे तीन कागद अध्यक्षांच्या हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

ताईंनी एजंटला तसा निरोप दिला. तो म्हणाला, कळवतो. ताईंचा अर्ज आमच्या वहीत अजून तसाच आहे.