जुन्या वस्तऱ्याचे मोल

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अडकित्ते, कुलपे आणि पितळी दिव्यांच्या गर्दीत कधी कधी एखादा मिटलेला वस्तरा पडलेला असतो. पाते तपकिरी पडलेले, मूठ चिकट, रिव्हेट ढिले. "इंग्लिश माल आहे साहेब, शंभर वर्षांचा," विकणारा सांगतो. घेणारा पात्यावरची पुसट अक्षरे उन्हात धरून वाचू पाहतो. दोघांपैकी एक जण फसणार असतो. बहुधा घेणाराच, पण कधी कधी विकणाराही, आणि त्याच्याही आधी, तो वस्तरा भंगाराच्या भावात काढून टाकणारे घर.

अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. १९०४ साली अमेरिकेत जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले, तेव्हापासून घरगुती दाढीतून वस्तरा हळूहळू मागे पडला. न्हाव्याच्या धोकटीत मात्र निसणा आणि चामड्याच्या पट्ट्यासोबत तो कितीतरी वर्षे टिकून होता. पुढे एड्स आणि हिपॅटायटिस बी यांची भीती पसरली, सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा आला आणि जुनी हत्यारे पेटीच्या तळाशी गेली. आजोबांची ती पेटी नातू उघडतो तेव्हा त्याला दिसतो तो फक्त गंज.

वस्तरा ओळखायचा तर प्रथम पाहावे ते पाते आणि मूठ यांच्यामधल्या आखूड, जाड भागाकडे. कारखान्याचे नाव, गाव आणि चिन्ह तिथेच ठोकलेले असते. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही या धंद्यातली दोन मोठी गावे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या मालावर चांदणी आणि माल्टीज क्रूस दिसतो. झोलिंगेनच्या हेंकेल्सची खूण म्हणजे जुळ्या भावांची जोडी.

इथेच पहिला घोटाळा होतो. हेंकेल्सच्या जुळ्यांची नोंद १७३१ सालची, रॉजर्सचे चिन्ह तर त्याहूनही जुने, १६८२ चे. म्हणून वस्तराही तेवढाच जुना, असे बाजारात बिनदिक्कत सांगितले जाते. चिन्हाचे वय वेगळे आणि वस्तूचे वेगळे! हेच जुळे भाऊ आजच्या सुऱ्यांवरही आहेत.

काळ ठरवायला अधिक उपयोगी ठरतात त्या बारीकसारीक खुणा. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्यामुळे गावासोबत 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेही ठोकलेले असेल तर वस्तरा साधारणपणे त्यानंतरचा समजावा. मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' ही अक्षरे असतील तर रोख राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाकडे असतो. पात्याचा आकारही बोलतो. आडवा छेद पाचरीसारखा भरीव असेल तर घडण जुनी. दोन्ही बाजूंनी आत पोकळ घासलेली, नखाइतकी पातळ धार असलेली पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना बोट टेकवायचे शेपूट एक तर नसेच, किंवा अगदी आखूड असे.

पात्यावर 'सिल्व्हर स्टील' असे कोरलेले दिसले की काही जणांचे डोळे चमकतात. त्यात चांदी शोधण्यात अर्थ नाही, पण त्या नावामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. विजेच्या शोधांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले मायकेल फॅरडे तरुणपणी जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिरासोबत पोलादावर प्रयोग करीत होते. सुरुवात झाली ती दक्षिण भारतातल्या 'वुट्झ' पोलादापासून. आपल्याकडच्या मुशीत तयार होणाऱ्या या पोलादाच्या गुणांचे रहस्य त्यांना उलगडायचे होते. १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अत्यल्प चांदी मिसळलेल्या पोलादाचाही विचार होता. आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून फॅरडे यांनी मित्रांना भेटही दिले. पुढे कारखानदारांनी ते नाव उचलले आणि चांदी असो वा नसो, पात्यांवर कोरून टाकले!

आता किमतीकडे वळू. नाव कितीही मोठे असले तरी किंमत ठरते ती पात्याच्या प्रकृतीवर. धारेजवळ गंजाचे खड्डे पडले असतील, तर वस्तरा शोभेपुरताच उरला. केसासारखी बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पाते उघडून पाठीवर नखाने हलकेच टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर उत्तम, बद्द आवाज आला तर सावध व्हावे. पात्याची पाठ रुंद आणि सपाट झिजलेली दिसली, तर निसण्यावर त्याचे आयुष्य बरेचसे खर्च झाले आहे. धार आतल्या बाजूला वळली असेल, तर तो वस्तरा न घेतलेलाच बरा. याउलट रुंद पाते, स्पष्ट कोरीव अक्षरे आणि मूळची मूठ एकत्र सापडली, तर संग्राहक आनंदाने ज्यादा पैसे मोजतात. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वस्तरे ठेवलेली पेटीही मिळे; धारेला विश्रांती हवी, अशी त्या काळची समजूत. अशी पेटी संपूर्ण असेल तर तिचे मोल सात सुट्या वस्तऱ्यांहून कितीतरी अधिक.

सर्वांत जास्त नुकसान मात्र होते ते घरीच, तेही हौसेने. चिंच, लिंबू, राख, सँडपेपर यांनी पाते चकचकीत केले की गंजाबरोबर कोरलेली अक्षरेही जातात. सुरीवाल्याच्या फिरत्या चाकावर दिले तर तापून पोलादाचे पाणीच उतरते. विकायचा विचार असेल तर काहीही करू नये. मऊ फडक्याने धूळ पुसावी, मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवावा, बस्स. त्याने दाढी करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा; कोणाकोणाच्या गालावरून तो फिरला आहे, ते कोणी सांगावे?

मूठ पांढरी असेल तर आणखी जपायला हवे. ती हाडाची असेल तर बारीक काळे ठिपके दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी असते; मुठीच्या लांबीवर मात्र समांतर रेषाच दिसण्याचा संभव अधिक. हस्तिदंत असल्यास भाव विचारण्याआधी कायदा विचारावा, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. बाजारातले पुष्कळसे 'हस्तिदंत' म्हणजे सेल्युलॉइडच असते. तपासायला तापलेली सुई टोचण्याचा जुना सल्ला ऐकू नये. सेल्युलॉइड भुर्रकन पेट घेते. शिवाय ते जुने होऊन कुजू लागले, की त्यातून निघणाऱ्या वाफा शेजारच्या पोलादाला खातात. अशी मूठ तडकलेली, घाम फुटल्यासारखी दिसली तर तो वस्तरा इतरांसोबत एकाच पेटीत ठेवू नये आणि बंद डबीतही कोंडू नये. आणि धोकटी विकायची वेळ आलीच, तर पट्टा, निसणा, डबी यांतले काही निरुपयोगी म्हणून फेकू नये. घेणारा जाणकार असेल तर तो आधी त्यांचीच चौकशी करतो.