टेरीकॉटचा तागा आणि रिफायनरीतील रसायनतज्ज्ञ

आपल्या दुकानांत टेरीकॉटचा माल खपतो. भिवंडी-मालेगावच्या मागांवर पॉलिएस्टरचा धागा चढतो. हा धागा मुळात कुठून येतो, याची चौकशी आम्ही कापडवाले सहसा करीत नाही. तो येतो खनिज तेलातून. रिफायनरीत, म्हणजे तेल शुद्धीकरण कारखान्यात, पॅराझायलीन नावाचा पदार्थ निघतो. त्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि पुढे पॉलिएस्टर बनते. हा पदार्थ मुबलक मिळू लागला, त्यात व्लादिमिर हेन्सेल या रसायनतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. त्यांची हकिकत व्यापारी बंधूंनी जरूर वाचावी, कारण तिच्यात रसायनाइतकाच हिशेब आहे.

हेन्सेल यांचा जन्म १९१४ साली जर्मनीत झाला. बालपण मॉस्कोत गेले. १९३० साली कुटुंब अमेरिकेत आले. इंजिनिअरिंग शिकून १९३७ साली ते युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स या कंपनीत लागले. पेट्रोल बनविण्याच्या नव्या पद्धती शोधून रिफायनऱ्यांना वापरायला देणे, हा या कंपनीचा धंदा. १९४१ साली त्यांनी डॉक्टरेटही मिळविली.

महाग धातू, किफायतशीर सौदा

कच्च्या तेलातून सरळ निघालेले पेट्रोल त्या काळी कमी प्रतीचे ठरे. इंजिनात ते अवेळी पेटे आणि ठोके बसत. इलाज म्हणून त्यात शिशाचे विषारी संयुग मिसळीत. हेन्सेल यांनी तेलाच्या रेणूंची घडणच बदलायचे ठरविले. त्यासाठी उत्प्रेरक लागतो, म्हणजे स्वतः न खपता दुसऱ्या पदार्थात बदल घडविणारा पदार्थ. त्यांनी निवडले प्लॅटिनम! पेट्रोलसारख्या स्वस्त मालासाठी इतका मौल्यवान धातू वापरणे कुणाला परवडणार, अशी शंका निघणे साहजिकच होते.

हेन्सेल यांचा हिशेब वेगळा होता. वस्तूची किंमत वजनावर पाहू नये, ती किती काळ काम देते यावर पाहावी. त्यांनी ॲल्युमिनाच्या दाण्यांवर एक टक्क्याहून कमी प्लॅटिनम अगदी बारीक पसरविले. दाण्यांवर कोळशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून दाबाखाली हायड्रोजन वायू फिरता ठेवला, आणि हा वायू त्याच क्रियेतून तयार होतो. दाणे शेवटी थकले तरी त्यांतले प्लॅटिनम परत काढता येते. भांडवल बुडत नाही.

१९४९ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका लहान रिफायनरीत या पद्धतीचे पहिले यंत्र सुरू झाले. पद्धतीचे नाव पडले प्लॅटफॉर्मिंग. तिच्यामुळे शिशाशिवाय चांगले पेट्रोल बनविणे शक्य झाले. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले. उरलेला हायड्रोजन इंधनातील गंधक काढण्याच्या कामी येतो. आणि झायलीन मिळाले ते आमच्या धंद्याच्या पथ्यावर पडले.

हेन्सेल यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९९७ साली ड्रेपर पारितोषिक मिळाले. कंपनीतून बाहेर पडल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकविले. २००२ साली त्यांचे निधन झाले.

मुलाला अडवू नका

रसायनशास्त्र घेणाऱ्या मुलाला आपल्याकडे लगेच विचारतात, ‘मास्तर होणार काय?’ रंगारी, छपाईवाले, साबणवाले यांच्या घरची मुले तर रसायनांच्या वासातच वाढतात. मुंबईत माटुंग्याला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, डेहराडूनला भारतीय पेट्रोलियम संस्था आहे. वाट लांब आहे, एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. होईपर्यंत घराला कमाईसाठी थांबावे लागते. पण आज महाग वाटणारी वस्तू वर्षानुवर्षे काम देत असेल, तर ती महाग नसते. एवढा हिशेब तर आम्हा व्यापाऱ्यांना यायलाच हवा.