सदाहरित बकुळ

चैत्राच्या प्रारंभी भंडारा जिल्ह्यातील रानातून फिरू लागले, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. साग निष्पर्ण झालेला असतो. पळसावर केशरी फुले असतात, पण पान औषधालाही सापडत नाही. मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो, परंतु त्याच्या फांद्याही उघड्याच दिसतात. अशा दिवसांत एखाद्या देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात बकुळीचे झाड मात्र गर्द हिरवे उभे असते. त्याच्या छायेत पाऊल टाकताच जिवाला गारवा वाटतो.

बकुळीला हिंदीत मौलसिरी म्हणतात. इंग्रज लोकांनी तिला 'स्पॅनिश चेरी' असे नाव दिले. गंमत अशी, की ती स्पेनची नाही आणि चेरीच्या कुळातलीही नाही. ती आपल्याच देशातली आहे. मोह, चिकू आणि खिरणी ही तिची सगोत्र झाडे होत. बकुळीचे पान तोडले, की चिकूप्रमाणेच देठातून पांढरा चीक येतो. मोहाप्रमाणे तिचीही फुले पहाटे आपोआप गळून खाली पडतात.

बकुळीचे झाड साधारणपणे १२ ते १५ मीटर उंच वाढते. त्याचा पसारा वरून गोल, छत्रीसारखा दिसतो. पाने चकचकीत असून त्यांच्या कडा किंचित लाटांसारख्या असतात. फूल लहान, पांढुरके व चांदणीच्या आकाराचे असते. गळताना ते देठाजवळच्या हिरव्या दलांतून अलगद सुटते, म्हणून त्याच्या मध्यभागी भोक राहते. त्या भोकातून दोरा ओवला, की सुईवाचूनही माळ तयार होते. ही फुले सुकली तरी त्यांचा सुगंध पुष्कळ दिवस टिकतो. फळ दोन-तीन सेंटिमीटर लांब असते आणि पिकल्यावर नारिंगी होते. पक्षी व वटवाघळे ती आवडीने खातात.

आता सदाहरित म्हणजे काय, ते पाहू. सदाहरित झाडाची पाने कधीच गळत नाहीत असे नव्हे. ती एकदम न गळता थोडी थोडी गळतात आणि तोवर नवी पाने आलेली असतात. त्यामुळे झाड उघडे पडत नाही. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. साग उन्हाळ्यात पाने टाकून देतो आणि पाण्याची बचत करतो. बकुळीने पाने राखायची ठरविली, म्हणजे तिला पाणीही मिळविले पाहिजे. मोठ्या झाडाची मुळे खोल गेलेली असतात, त्यांना जमिनीतील ओल सापडते. रोपाची मुळे मात्र वरच्या थरातच असतात. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि तो वरचा थर पार सुकून जातो. आषाढात हौसेने लावलेली पुष्कळ रोपे पुढच्या वैशाखात का मरतात, याचे कारण हे असे आहे.

रोप तयार करणे अवघड नाही. पिकलेल्या फळातील तपकिरी बी काढून धुवावे, रात्रभर पाण्यात ठेवावे आणि माती व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन सेंटिमीटर खोल पेरावे. बी ताजे असावे. बकुळ सावकाश वाढते, म्हणून रोप गुडघ्याएवढे होईपर्यंत धीर धरावा.

जागा उन्हाची व किंचित उंचवट्याची निवडावी. धानाच्या बांधीत पाणी साचून राहते, तशा जागी बकुळीची मुळे कुजतात. भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर अंतर सोडावे. उन्हाळ्यातच ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा खणून ठेवावा. चांगला पाऊस झाल्यावर खड्ड्यात माती व शेणखत मिसळून भरावे आणि रोप लावावे. शेणखत पूर्ण कुजलेले पाहिजे; कच्च्या खताला वाळवी लागते आणि ती मुळांपर्यंत पोचते. शेळ्यांपासून रक्षण करण्यासाठी सभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालावे.

खरी कसोटी पुढेच आहे. रोज तांब्याभर पाणी वर शिंपडले, तर मुळे वरच घुटमळत राहतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. ते खोल मुरते आणि त्याच्यामागे मुळेही खाली जातात. आळ्यात धानाची तणस पसरावी, म्हणजे ओल टिकते. फक्त ती खोडाला लागू देऊ नये.

पण शाळेला सुट्टी लागल्यावर पाणी कोणी घालावे? यावर एक जुना उपाय आहे. कुंभाराकडील न रंगविलेले मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळांना हळूहळू मिळत राहते. पाच-सहा मुलांनी पाळी लावून घेतली, तर मडके वेळच्या वेळी भरणे कोणालाच जड जाणार नाही.

असे दोन-तीन उन्हाळे रोपाला सांभाळले, की पुढे ते स्वतःच्या बळावर उभे राहते. खालच्या एक-दोन फांद्या छाटाव्या, एवढीच त्याची अपेक्षा. फुले येण्यास मात्र काही वर्षे लागतात. तोवर तुम्ही ही शाळा सोडून गेलेले असाल आणि त्या झाडाखाली दुसरीच मुले फुले वेचीत असतील.

मुलांनो, पावसाळ्यात झाड लावणारे हात पुष्कळ असतात. भर उन्हाळ्यात त्याला पाणी घालणारे थोडे. त्या थोड्यांत तुमची गणना व्हावी.

स्वाध्याय
१. सदाहरित झाड व पाने गाळणारे झाड यांतील फरक सांगा.
२. लावलेली रोपे उन्हाळ्यात का मरतात?
३. तुमच्या शाळेच्या आवारातील झाडांची यादी करा व उन्हाळ्यात त्यांना पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवा.