परसातले खरबूज आणि रमजानचा हिशोब

इफ्तारच्या दस्तरखानावर खरबुजाला मागणी ठरलेली. पण रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि वेलीला ८०-९० दिवस लागतातच. २०२७ चे रोजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराचे. म्हणजे बी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत हवे. देशावरच्या थंडीत वेल आखडते. कोकणातल्या आपल्या भावांना इथे संधी आहे. पाऊस संपल्यावर परस रिकामे ठेवू नये, असे आम्हाला वाटते.

मादी फुलाखाली छोटी गाठ असते. मधमाशा कमी दिसल्या तर सकाळीच नरफूल त्यावर हलके फिरवावे. फळ पोसल्यावर पाणी कमी करावे, नाहीतर गोडी उतरते. वास सुटला, देठ आपोआप सुटू लागला की तोडावे. कच्चे तोडलेले घरात मऊ पडते, गोड होत नाही.